ऑफाचा बांध: २८५ किलोमीटरांतले कोणते २५ चालावेत

इंग्लंडातल्या स्विंडनला मुलाकडे महिनाभर राहायला गेलेले आईवडील पहिल्या आठवड्यात लंडन उरकतात, दुसऱ्यात बाथ आणि स्टोनहेंज. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि मडगावची आठवण सुरू होते. अशा वेळी ज्यांचे पाय धड आहेत त्यांना आम्ही ऑफाज डाइक, म्हणजे ऑफा राजाचा बांध, सुचवतो. स्विंडनमध्ये गोवेकर हजारोंनी आहेत. तिथून वेल्सच्या वेशीवरचं चेपस्टो गाव मोटारीने तासाभराच्या आसपास आहे. सेव्हर्न नदीवरच्या जुन्या पुलाचा टोल डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाल्यामुळे आता फक्त पेट्रोलचा खर्च.

पण काय बघायला जातोय हे आधी पक्कं ठाऊक हवं. उत्तर इंग्लंडातल्या रोमनांच्या हेड्रियनच्या भिंतीसारखे घडीव दगड इथे नाहीत, बुरूज नाहीत, तिकीटखिडकीही नाही. आहे तो मातीचा लांबलचक बांध आणि त्याच्या पश्चिम अंगाला खणलेला चर. शाबूत जागी चर धरून रुंदी २० मीटरपर्यंत भरते, बांधाची उंची अडीच मीटरपर्यंत. बाकी ठिकाणी तो शेताच्या कुंपणाखाली दडलेला असतो. काही ठिकाणी नांगराने पुसला गेलाय आणि चर्क कॅसलच्या आवारात तर त्याचा एक तुकडा शोभेच्या तळ्यात बुडाला आहे. कुठे थांबायचं हे माहीत नसलेला माणूस दिवसभर चालून येतो आणि म्हणतो, "मेंढरं तेवढी दिसली." या परीक्षणाचा सगळा भर त्यामुळे जागांच्या निवडीवर आहे.

ऑफा हा मर्सियाचा राजा, कारकीर्द इ.स. ७५७ ते ७९६. मर्सिया म्हणजे आजच्या इंग्लंडचा मधला पट्टा, पलीकडे वेल्श राज्यं. ऑफाने 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' मोठा बांध घातला असं ॲसर या बिशपने ८९३ मध्ये, म्हणजे ऑफानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहून ठेवलं. सिरिल फॉक्स यांनी १९२५ ते १९३२ या काळात बांध पायी फिरून मोजला आणि ॲसरचं म्हणणं बहुतांशी मान्य केलं. मधे जिथे बांध नाही तिथे दाट जंगल असावं असा त्यांचा तर्क. पुढे डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी ठिकठिकाणी खणून पाहिलं आणि सलग, निःसंशय ऑफाचा म्हणता येईल असा बांध १०३ किलोमीटरच असल्याचं मांडलं. २०१४ मध्ये चर्कजवळच्या उत्खननातून बांधाच्या पोटातल्या गवताच्या ढेकळांचा काळ इ.स. ४३० ते ६५२ असा निघाला. त्यामुळे ऑफाच्या आधीच कुणीतरी काम सुरू केलं होतं का, हा वाद आणखी रंगला. ढेकळांचा काळ हाच बांधकामाचा काळ असं मात्र धरता येत नाही. माती आधीची असू शकते, बांध नंतरचा.

फलकांवर आणि माहितीपत्रकांवर अजून 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' हेच वाक्य मिरवलं जातं. ते वाचून उत्तर टोकाला प्रेस्टॅटिनच्या किनाऱ्यावर बांध शोधायला जाऊ नका. तिथे तो नाही.

हा सगळ्यात मोठा घोळ आहे, म्हणून आधीच सांगतो. ऑफाज डाइक पाथ ही पायवाट आणि ऑफाज डाइक हा बांध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायवाट सेव्हर्नच्या मुखाजवळच्या सेडबरी क्लिफ्सपासून प्रेस्टॅटिनपर्यंत २८५ किलोमीटर जाते आणि वाटेत इंग्लंड-वेल्सची सीमा वीसहून अधिक वेळा ओलांडते. तिचं उद्घाटन १० जुलै १९७१ रोजी नायटन गावात जॉन हंट यांच्या हस्ते झालं. १९५३ ची एव्हरेस्ट मोहीम ज्यांच्या नेतृत्वाखाली गेली तेच हे हंट. पायवाटेच्या निम्म्याहून कमी लांबीत बांध सोबतीला असतो. मॉनमथपासून किंग्टनपर्यंतच्या लांब टप्प्यात तो जवळजवळ नाहीच. त्याच टप्प्यात हॅटरॉलचा डोंगरमाथा येतो, ७०३ मीटरांचा, पायवाटेवरचा सर्वांत उंच भाग. निसर्गासाठी जायचं तर अवश्य जा; वारा सुटलेल्या उघड्या माळावर तासन्‌तास चालण्याची हौस हवी. उत्तरेकडे पाँटकसिल्टे हा १८०५ चा कालवापूल आहे, ३०७ मीटर लांब आणि दरीपासून ३८ मीटर उंच. त्यावरून होड्या जातात. जागतिक वारसा यादीत तो २००९ पासून आहे. बघण्यासारखा आहेच, पण त्याचा बांधाशी संबंध एवढाच की पायवाट त्या बाजूने जाते.

ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी दोन टप्पे करावेत. दक्षिणेत सेडबरी ते टिंटर्न, मध्यावर नायटन ते लानव्हेअर हिल आणि परत. मिळून पंचवीस-सव्वीस किलोमीटर.

दक्षिणेचा टप्पा

सुरुवात सेडबरी क्लिफ्सवरच्या मोठ्या धोंड्यापासून. त्यावर पाटी आहे, फोटो इथेच काढले जातात. चेपस्टो स्टेशनपासून इथवर चालत यायला अर्धा-पाऊण तास धरा. धोंडा बांधावरच आहे. खाली सेव्हर्नचं मुख. तिथल्या मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीतला फरक १२ मीटरांच्या वर जातो. आपल्या मांडवी-झुआरीत तो दोनेक मीटर असतो, त्यामुळे ओहोटीला उघडा पडलेला चिखलाचा पसारा बघून गोवेकर चक्रावतो. भरतीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या वेळी पोचलात तर अर्ध्या तासात पाणी कसं चढतं ते दिसेल. कडा मात्र ढासळणारा आहे, टोकाला जाऊ नका.

पहिल्या किलोमीटरभरात बांध चांगला दिसतो, मग तो सेडबरीच्या वसाहतीत घरांमागे शिरतो. हा भाग रटाळ आहे, पाय उचला. वुडक्रॉफ्ट मागे पडलं की उजवीकडे शेतं आणि डावीकडे वाय नदीची खोल दरी, आणि त्या दरीच्या काठाने जंगलातून बांध. खरा माल इथे आहे. नदी बांधाच्या पश्चिमेला शेकडो फूट खाली. चर ठिकठिकाणी अगदी उथळ आहे, कारण कडाच चराचं काम करतो. बांधकाम करणाऱ्यांनी जिथे निसर्गाने हात दिला तिथे माती वाया घालवलेली नाही, हे या तासाभराच्या चालीत समजतं.

डेव्हिल्स पल्पिट या चुनखडीच्या सुळक्याजवळ झाडी उघडते आणि पलीकडच्या काठावर टिंटर्न ॲबी दिसते. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांचा हा मठ ११३१ मध्ये स्थापन झाला. आता छप्पर नाही, भिंती आणि कमानी उभ्या आहेत. सुळक्यावर चढण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दगडाला हजारो बुटांनी झिलई आणली आहे, ओल्यात तो साबणासारखा होतो. इथून टिंटर्नला उतरायला अर्धा-पाऊण तास, जुन्या रेल्वेच्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडायची. टिंटर्नहून चेपस्टोला बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. रविवारी तिच्यावर विसंबू नका.

या टप्प्याचा दोष एकच: मुळं. बीच आणि यू झाडांची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात आणि ओली झाली की पाय सरळ पुढे निसटतो. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट शूज इथे घातक. खोल नक्षीचे बूट आणि एक काठी, बास.

नायटन ते लानव्हेअर

बांध बांधासारखा बघायचा तर हा टप्पा. एकच दिवस असेल तर दक्षिणेचा सोडून हा करा, प्रवास लांबचा असला तरी.

नायटन हे वेल्समधलं छोटं गाव, त्याचं रेल्वे स्टेशन मात्र नदीपलीकडे इंग्लंडात. गावात वेस्ट स्ट्रीटवर ऑफाज डाइक सेंटर आहे. प्रदर्शन छोटं, पण पाठीमागच्या हिरवळीवर बांधाचा एक शाबूत तुकडा आणि हंट यांच्या उद्घाटनाचा दगड आहे. आधी प्रदर्शनातला बांधाचा आडवा छेद नीट बघा, मग मागे जाऊन तोच आकार प्रत्यक्षात ओळखा. हे न करता डोंगरावर गेलेल्यांना पुढचा दीड तास कुंपणं आणि बांध यांतला फरक कळत नाही. केंद्र उघडं असण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, फोन करून जा. मुलांसाठी आणखी काही हवं होतं असं वाटतं. मातीचा बांध कसा रचला याचा हाताळता येईल असा नमुना ठेवला असता तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं.

गावातून टीम नदी आणि रेल्वेरूळ ओलांडले की पानपन्टन हिलची चढण. छोटी, पण छातीवर येणारी. सगळा दिवस या पहिल्या अर्ध्या तासावर ठरतो. इथे धापा टाकत वर गेलेला माणूस पुढे चिडचिडतो, म्हणून मुद्दाम हळू चढा. वर आलं की बांध सुरू होतो आणि क्वमसॅनहॅम हिलच्या ४०० मीटरांवरच्या माथ्याच्या कडेने उत्तरेकडे जातो. त्यानंतर एक उतार, एक चढ, आणि लानव्हेअर हिल. बांध जिथे सर्वांत उंचावर पोचतो ती ही जागा, सुमारे ४३० मीटर. नायटनपासून सात-आठ किलोमीटर. नाव वेल्श, जमीन इंग्लंडची.

इथे पोचल्यावर करायचं काय? चरात उतरा आणि पूर्वेकडे तोंड करा. बांधाची भिंत डोक्यावर येईल. आता वळून पश्चिमेकडे बघा. वेल्सच्या टेकड्यांच्या ओळी एकामागे एक उघड्या. मग बांधाच्या पूर्वेला या आणि तिथून पश्चिमेला बघायचा प्रयत्न करा, बांध आडवा येतो. रेषा मुद्दाम पश्चिमेकडे झुकलेल्या उतारावरून नेली आहे, म्हणजे मर्सियाच्या माणसाला बांधावर उभं राहून दरीत काय हालतंय ते दिसावं. पूर्ण टप्प्यावर ही एकच कसोटी लावत जा: पश्चिमेला मोकळं दिसतंय आणि चर पश्चिमेला आहे, तर तो बांध. शेताचं साधं कुंपण मीटरभर उंच असतं, त्याचा चर कोणत्याही बाजूला असतो किंवा नसतोच.

आणखी बारकाईने पाहणाऱ्यांसाठी: रेषा लांबून सरळ वाटते, पण जवळून ती थोड्या थोड्या अंतरावर किंचित दिशा बदलते. तुकड्यातुकड्यांनी काम झाल्याची ती खूण मानली जाते. मधे मधे दिसणाऱ्या फटींतून बहुतेक नंतरच्या काळात गाडीवाटा काढल्या आहेत, ते ऑफाचे दरवाजे नव्हेत. काही ठिकाणी पूर्वेलाही खड्डे दिसतात. माती कमी पडली तिथे मागूनही उकरून घेतली आहे.

लानव्हेअरपासून परत फिरा. पुढे ब्रॉम्प्टनपर्यंत एकूण २४ किलोमीटरचा दिवस होतो आणि तो संपूर्ण पायवाटेतला सगळ्यात दमवणारा मानला जातो. एक दरी उतरा, दुसरी चढा, पुन्हा उतरा. बांध तिथेही सुरेख आहे, पण परतीच्या वाहनाची सोय आधी झाली नसेल तर तिकडे जाऊ नये.

बांध बघताना खाजनाची, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची, आठवण येणं साहजिक आहे, आणि ती उपयोगीही पडते. आपल्या खाजनातला बांध एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला शेत असा उभा, चिकणमातीचा, मानस नावाच्या झडपेच्या दारांनी भरती-ओहोटी सांभाळणारा. तो दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, नाहीतर खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतं, बीळ रुंदावतं आणि एका मोठ्या भरतीला बांध फुटतो. ऑफाच्या बांधावर पाण्याचा दाब नाही, म्हणून दुरुस्तीशिवाय बारा शतकं टिकला. चराची खोली गाळाने भरत गेली, माथा झिजून खाली आला, उतार मंद झाला आणि गवताने तो धरून ठेवला. पण बिळांचा शत्रू तोच. तिथे खेकड्याच्या जागी ससे आणि बॅजर हा बिळं करणारा जंगली प्राणी. बॅजर ढीगभर माती बाहेर टाकतो, आणि त्याला हात लावता येत नाही, कारण १९९२ च्या कायद्याने बॅजरला स्वतंत्र संरक्षण आहे. परवाना काढायचा, बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही असं एकेरी झापड बिळाला लावायचं, तो दुसरीकडे गेल्याची खात्री झाली की जाळी अंथरून माती भरायची. एका संरक्षित गोष्टीपासून दुसरी संरक्षित गोष्ट वाचवण्याची ही कसरत आहे.

गुरांचंही गणित नाजूक. मेंढ्या हलक्या, त्या गवत आखूड ठेवतात आणि बांधाला फायदाच होतो. जड गुरं पावसात उतारावर चढली की खुरांनी गवताची चादर फाटते आणि त्या जागी पाऊस माती कापतो. चराई पूर्ण बंद केली तर ब्रॅकन नावाचं नेचं आणि काटेरी झुडपं माजतात, त्यांची मुळं थर उसवतात. मोठं झाड वादळात उन्मळलं तर मुळांच्या गड्ड्यासकट बांधाचा खोलीभर तुकडा वर येतो. आणि चौथा शत्रू आपण. माथ्यावरून चालल्याने वरची माती घसरते, म्हणून बऱ्याच ठिकाणी वाट माथ्यावरून काढून बाजूला नेली आहे. जिथे वाट बाजूने आहे तिथे फोटोसाठी वर चढू नका. बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोत बांध दिसतही नाही.

संरक्षण आहे, पण ते आपल्या ओळखीचं नाही. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीचे, हा २०१० पासून थेट कायद्यात असलेला नियम चांदरच्या कोट भागातल्या उत्खननस्थळापाशीही लागू. ऑफाच्या बांधाभोवती असा ठरलेला पट्टा नाही. संरक्षण मुख्यतः स्मारकाच्या जमिनीला, आसपासच्या बांधकामाचा विचार नियोजनाच्या परवान्यात होतो. म्हणून बांधाला लागून घर, गॅरेज, गोल्फचं मैदान दिसलं तर दचकू नका. बरीचशी जमीन खाजगी शेतकऱ्यांची आहे. मालक तो, पण खणायला, भर घालायला त्यालाही सरकारी संमती लागते. २०१३ मध्ये चर्कजवळ चाळीस-पन्नास मीटरांचा तुकडा सपाट केला गेला आणि करणाऱ्याला हे संरक्षित स्मारक असल्याचं ठाऊक होतं, असं सिद्ध करता न आल्याने खटला उभा राहिला नाही. वेल्सने २०१६ च्या कायद्यात 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट आवळली. हौशी लोकांनी धातुशोधक यंत्र घेऊन जाऊ नये. संरक्षित जागी परवान्याशिवाय ते चालवणं हाच गुन्हा आहे, काही सापडो वा न सापडो.

वाटेवरच्या सोयी

दिशादर्शक खुणांना आम्ही पैकीच्या पैकी गुण देतो. राष्ट्रीय पायवाटांचं ओकच्या फळाचं चिन्ह प्रत्येक फाट्यावर असतं, इंग्रजी आणि वेल्श दोन्ही बाजूंना. चुकायला होतं ते शेताच्या मध्यात, जिथे खांब रोवता येत नाही. समोरच्या कुंपणातलं फाटक कुठे आहे ते आधी नजरेने शोधा, मग चाला.

फाटकं दोन प्रकारची. एक लाकडी पायरीची, कुंपणावर चढून पलीकडे उतरायची. पावसात तिच्यावर शेवाळ असतं, उलटं तोंड करून शिडीसारखं उतरावं. दुसरं झुलतं फाटक, अर्धगोल कुंपणात एकाच माणसापुरतं. मोठी सॅक पाठीवर असेल तर त्यात अडकायला होतं. सॅक आधी उतरवून हातात घ्या. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

शेतातून जाताना गायींची आपल्याला असलेली सवय विसरा. पणजीच्या रस्त्यावरची गाय मोटारीलाही हलत नाही. इथल्या वासरं असलेल्या गायी, विशेषतः तुमच्याबरोबर कुत्रा असेल तर, अंगावर येतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधी जाऊ नका, लांबून वळसा घाला. गायीने हल्ला केलाच तर कुत्र्याची दोरी सोडा. तिचं लक्ष त्याच्यावर असतं आणि तो पळून सुटतो.

गोचिडी हा दुसरा विषय. म्हादईच्या जंगलात जळू लागली की आपण मीठ टाकतो. गोचिडीला मीठ, तंबाखू, तेल, काडेपेटी यांतलं काही चालत नाही. चिडवली तर ती उलट आजाराचे जंतू आत सोडू शकते. बारीक चिमट्याने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खास आकड्याने त्वचेला लागून धरून सावकाश काढावी. लांब पँट, मोज्यात खोचलेली, फिक्या रंगाची. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेला बघा. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी चावलेल्या जागी लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं सांगा. गोव्यात परतल्यावर चट्टा दिसला तर हे सांगायलाच हवं, आपल्या डॉक्टरला गोचिडीचा विचार सहज सुचणार नाही.

वाहतूक हा सगळ्यात कच्चा दुवा. चेपस्टोला स्विंडनहून ग्लॉस्टरला गाडी बदलून रेल्वेने जाता येतं, ते ठीक. नायटन हार्ट ऑफ वेल्स मार्गावर आहे आणि तिथे दिवसाला मोजून चार-पाच गाड्या. श्रूजबरीहून तासाभरात पोचता, पण एक गाडी हुकली तर अर्धा दिवस गेला. मोटार असेल तर ती नायटनमध्ये लावून जाऊन-येऊन चाल करणं सोपं. पूर्ण पायवाट चालणारे साधारण बारा दिवस घेतात आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा वापरतात. एका नगाला सहसा २० किलोंची मर्यादा असते. पुढे जायचं असेल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला, ऊन आणि वारा पाठीशी राहतात.

जेवणाबद्दल फार अपेक्षा नकोत. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं, आणि आठवड्याच्या सुरुवातीला कित्येक ठिकाणी उघडतच नाही. शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा आणि वर बीन्स हा हमखास पर्याय. सूप शाकाहारी म्हणून दिलं तरी त्यातलं पाणी कशाचं ते विचारून घ्या. नायटन ते लानव्हेअर या टप्प्यात दुकानाच्या भरवशावर राहू नका. स्विंडनहूनच पाव, चटणी, बटाट्याची सुकी भाजी बांधून घ्या. माणशी दीड लिटर पाणी. ओढ्यांचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर मेंढ्या चरतात.

पावसाची आपल्याला भीती नसते आणि तिथेच गोवेकर फसतो. आपला पाऊस कोसळतो, पण उबदार असतो. तिथला बारीक, तिरका आणि थंड. छत्री डोंगरावर उलटी होते, प्लास्टिकचा सैल रेनकोट वाऱ्याने फुगतो आणि आतून घामाने भिजवतो. हवा खेळती ठेवणारं जॅकेट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, सॅकमध्ये कोरडे मोजे. सुती जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही आणि गारठा पायातून चढतो.

कधी जावं याचं उत्तर बांधासाठी आणि हवेसाठी वेगळं आहे. हवा जून-जुलैत चांगली, पण तोवर ब्रॅकन कमरेपर्यंत वाढलेलं असतं आणि चर त्यात गडप. बांध बघायचा तर मार्च-एप्रिल: नेचं झोपलेलं, झाडांना पानं नाहीत, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात चराची सावली अख्खी रेषा काढून दाखवते. भर दुपारी तोच बांध सपाट दिसतो. आपल्याकडून मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना पहिला पंधरवडा चालेल. ऑगस्टमध्ये जाऊन नायटनबद्दल तक्रार करू नका. चवथीनंतर निघणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत थांबावं, तेव्हा ब्रॅकन तांबूस होऊन खाली बसतं. फक्त तेव्हा दिवस लहान, चार-साडेचारपर्यंत गावात परत हवं.

नकाशा कागदाचाच घ्या. दरीत मोबाईलची रेंज जाते, बॅटरी थंडीत लवकर उतरते. ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५,००० प्रमाणाचे एक्स्प्लोरर नकाशे लागतात: दक्षिणेच्या टप्प्यासाठी ओएल १४, नायटनसाठी २०१. पायवाट हिरव्या हिरकण्यांनी दाखवलेली असते आणि बांध जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेला. ही दोन्ही चिन्हं जिथे एकत्र येतात तोच भाग निवडा. अडचणीत ९९९ किंवा ११२, दोन्ही लागतात.